परवाचा पूल

माझे वडील सार्वजनिक बांधकाम खात्यात ओव्हरसियर होते. आयुष्यभर त्यांनी पूल आणि मोऱ्या बांधल्या, आणि निवृत्त होताना घरी काय आणलं, तर कॅलेंडरचं एक पान. कुठल्याशा सिमेंट कंपनीच्या कॅलेंडरवर ग्रीसमधल्या झागोरी नावाच्या डोंगराळ मुलखातला तीन कमानींचा जुना दगडी पूल छापला होता. "सिमेंटवाल्यांनी सिमेंटचा कण नसलेला पूल छापलाय, अक्कल बघ यांची," असं म्हणून बाबांनी ते पान कापलं आणि पुण्याच्या घरी टेबलाच्या काचेखाली सरकवलं. आई गेल्यावर त्यांनी पहिल्यांदाच स्वतःसाठी काही मागितलं. म्हणाले, "तो पूल एकदा पायांनी ओलांडायचाय."

मी म्हटलं, "नेते की!" बोलायला काय जातं.

मी जपानमध्ये एदोगावात राहते, नोकरीला कावासाकीत जाते. दर रविवारी दुपारी व्हिडिओ कॉलवर आमचं नियोजन चालायचं. तिकडे सकाळ असायची आणि बाबा इस्त्रीचा शर्ट घालून, वही उघडून बसलेले असायचे. मी नकाशा दाखवायची: अथेन्स, तिथून योआनिना, मग भाड्याच्या गाडीने किपी नावाचं गाव. त्यांचे प्रश्न कधी विमानाचे नसत. कमानीचा गाळा किती, चुन्यात काय कालवलं असेल, पुरात पाया टिकला कसा? मला यातलं ओ की ठो कळत नव्हतं. मी आपली म्हणायची, "परवा व्हिसाचं बघते. परवा रजेचं विचारते."

शेजारी बसलेली माझी लेक इथेच जन्मली, जपानी शाळेत शिकते. ती एकदा वैतागून म्हणाली, "परवा म्हणजे ओतोतोई की असात्ते?" होऊन गेलेल्या परवाला जपानीत ओतोतोई म्हणतात, येणाऱ्या परवाला असात्ते. आपल्याकडे दोन्हींना मिळून एकच शब्द.

"मग कळतं कसं?"

"क्रियापदावरून कळतं," मी म्हटलं. तिने नाक मुरडलं.

रजेचं मी विचारलं. साहेबांनी दातांतून श्वास आत ओढला आणि "चोत्तो..." एवढंच म्हणाले. इथे असं वाक्य अर्ध्यावर सोडलं की त्याचा अर्थ "नाही" असतो. आधी सॉफ्टवेअरचं रिलीज आडवं आलं, मग लेकीचा नव्या शाळेतला प्रवेश समारंभ, मग पुन्हा एक रिलीज. खरं सांगायचं तर मी भांडलेच नाही. शेजारच्या टेबलावरचा माणूस तापातही ऑफिसला यायचा. त्याच्यादेखत नऊ दिवस मागायची मला लाज वाटली. दर रविवारी बाबांना "परवा" म्हणायची मात्र वाटली नाही.

त्याच सुमारास लेकीला शाळेच्या सहलीची शिओरी मिळाली. शिओरी म्हणजे मिनिटामिनिटाचं वेळापत्रक असलेली छोटी पुस्तिका. मनाची टोचणी कमी व्हावी म्हणून मी बाबांसाठी मराठीत तशीच एक तयार केली, ठळक अक्षरांत छापली आणि पुण्याला धाडली. "सात तीस: नाश्ता करणे. आठ दहा: पुलाकडे निघणे. आठ पन्नास: पूल ओलांडणे. मधोमध थांबून गुडघ्यांना विश्रांती देणे." बाबा जाम खूश झाले. खात्यात असा एक माणूस मिळाला असता तर कामं वेळेत झाली असती, म्हणाले. रोज सकाळी चहाबरोबर ते ती पुस्तिका वाचायचे.

बाबा माझ्या धाकट्या भावाकडे राहतात. मार्चमध्ये त्याचा फोन आला. "ताई, आंघोळ झालेली असते आणि बाबा परत टॉवेल घेऊन निघतात. डॉक्टर म्हणाले, हे वाढत जाणार. नेणार असशील तर आता ने."

दुसऱ्या दिवशी मी साहेबांपुढे उभी राहिले आणि त्यांनी श्वास ओढायच्या आत सांगून टाकलं, "माझे वडील विसरत चाललेत. मला नऊ दिवस हवेत." त्यांनी मान लववली आणि रजा तिथल्या तिथे मंजूर केली. एवढं सोपं होतं. त्याचा मला अजून संताप येतो, आणि तो साहेबांवर नाही.

रविवारी मी कॉल लागताच ओरडले, "बाबा, रजा मिळाली! मेमध्ये झागोरी!"

बाबा हसले. पुस्तिका त्यांच्या हातातच होती, कोपरे वापरून मऊ पडलेले. "अगं, पूल पाहिला की मी. परवाच जाऊन आलो."

भाऊ त्यांच्या मागे उभा होता. त्याने मान खाली घातली.

लेकीने माझ्याकडे बघून हळूच विचारलं, "ओतोतोई?" मी मानेनेच हो म्हटलं. निघणे, ओलांडणे, विश्रांती देणे. त्या अख्ख्या पुस्तिकेत मी काळ कुठेच लिहिला नव्हता.

"कसा होता, बाबा?" मी विचारलं.

"साडेसातला नाश्ता केला. आठ दहाला निघालो. मधोमध जरा थांबलो, गुडघे कुरकुरायला लागले होते. पण काम काय सुरेख केलंय! दगडाला दगड असा बसलाय की मध्ये सुई शिरायची नाही."

ते इतके आनंदात होते की मी गप्प बसायला हवं होतं. तरी विचारलंच, "आणि मी कुठे होते?"

बाबांनी पुस्तिकेचं पान उलटून पाहिलं, जणू माझं नाव तिथे सापडेल. "तू नव्हतीस. तुला रजा कुठे मिळाली होती?" मग माझा चेहरा बघून, माझ्या लहानपणी समजूत घालताना काढायचे त्या आवाजात म्हणाले, "वाईट नको वाटून घेऊस. आता मिळालीय ना? जाऊन ये तूपण. बघण्यासारखा आहे."