बांगड्यांचं तोरण

लक्ष्मीपूजनाच्या सकाळी रत्नप्रभा सावंत देवळातून परतली आणि स्वतःच्याच दारापुढे थबकली. दारावरचं तोरण गायब!

ते तोरण विकतचं नव्हतं. ओटीत आलेल्या खणांचे ब्लाउज शिवले की काठाचे तुकडे उरतात, बायका फेकून देतात. रत्नप्रभा जपून ठेवायची. नातीला लहान झालेल्या प्लास्टिकच्या बांगड्या, स्वेटरची उरलेली लोकर, लेकीच्या रुखवतातले मणी, सगळं एका बिस्किटांच्या डब्यात. नवरात्रभर नामजप करत तिने एकेक बांगडी लोकरीने गुंडाळली, मध्ये खणाची फुलं टाचली, खाली मणी सोडले. वसुबारसेला दारावर चढवलं तेव्हा नवरा, सहदेवसुद्धा, चष्मा पुसून बघत राहिला होता.

"सोसायटीच्या ऑफिसात ठेवलंय, काकू," वॉचमन म्हणाला. "सेक्रेटरी साहेब बोलले, यंदा सगळ्या दारांना एकच डिझाइन."

एकच डिझाइन म्हणजे पांढरी-सोनेरी प्लास्टिकची पानं. तीही शेजारच्या इरावतीच्या दारापाशी येऊन संपलेली. रत्नप्रभाचं दार तेवढं बोडकं.

सणाच्या दिवशी तोंड विटाळायचं नाही म्हणून तिने शिवी गिळली. आधी नैवेद्य, मग खाली जाऊन एकेकाला बघते, असं म्हणत कढईत करंज्या सोडल्या, तोच बेल वाजली. दारात इरावती, पडलेल्या चेहऱ्याने, हातात डबा.

"कधी झालं गं? कळवलंसही नाही!"

"काय झालं?"

"अगं, सासूबाई... गावी होत्या ना? कालपर्यंत तोरण होतं, आज उतरवलेलं दिसलं, तेव्हाच मी समजले. यंदा तुमच्याकडे काही तळायचं नसेल, म्हणून चकल्या आणल्यात."

सुतकाच्या घरी तोरण नसतं, फराळ शेजारून येतो. आणि रत्नप्रभाच्या पाठीमागे कढईत करंज्या टरारून फुगत होत्या!

तिने गॅस बंद केला, गावी, कणकवलीला सासूला फोन लावला आणि स्पीकर चालू ठेवूनच जिना उतरली. इरावती डबा घेऊन मागोमाग.

"नितेश, बोल यांच्याशी," तिने फोन सेक्रेटरीच्या टेबलावर आपटला. "माझी सासू. तू मारलीस ती."

"काकू, असं काय बोलता? थीम ठरलीय ना..."

"थीम गेली चुलीत! सणाचं तोरण उतरवतात कधी, एवढं तुझ्या आईने शिकवलं नाही? संध्याकाळी लक्ष्मी यायची दारात. ती काय तुझी मेंबर आहे, सर्क्युलर वाचून आत शिरायला?"

फोनमधून म्हातारी कडाडली, "कोण रे तो? माका जित्यापणीच मारल्यान? बरा झाला, माझा आयुष्य वाढला! पण रत्ना, तू आदी तोरण लाव. भांडान मगे."

नितेशने कपाट उघडलं. तोरण रद्दीवर चुरगळून टाकलेलं होतं. एक फूल उसवलेलं. ते बघून रत्नप्रभाचे डोळे भरले, आणि भरले म्हणून ती आणखीनच संतापली.

"वॉचमनला नको देऊस. तू लावायचंस."

दिवेलागणीच्या आत नितेश तिच्या दारात स्टुलावर उभा होता. उसवलेलं फूल तिने टाचून दिलं होतं. इरावती तिथेच उभी राहून आणलेल्या चकल्या स्वतःच खात होती.

"डावीकडे उतरलंय," रत्नप्रभा खालून खेकसली. "वर घे. थीम बिघडेल तुझी."