जिनिंगमधलं हलतं ऑफिस

माणसाची फजिती जास्त बोलल्यामुळे होते, म्हणून मी आपली गप्पच असते. लग्न होऊन तलवाड्याजवळच्या या गावात आले, तेव्हा शेजारणीने सासूबाईंना कानात विचारलं होतं, "पोरीला वाचा हाय ना?" अशी मी! सासरी एकदाच मोकळेपणी बोलले. पुढे काय झालं ते विचारू नका. नाही, विचाराच. तुमचा चहा निवेपर्यंत सांगून होईल.

गावाबाहेर सहकारी जिनिंगचं भलंमोठं शेड आहे. कापूसच पिकेना, म्हणून बंद पडलेलं. ते आमच्या दूध संघाने ऑफिससाठी घेतलं. माझे सासरे, त्यांना मी मामा म्हणते, संघाचे संचालक. भर मीटिंगमध्ये ते बोलून बसले, "हापिसाच्या आतल्या मांडणीला शेहरातला कंत्राटदार कावून पायजे? माझी सून औरंगाबादला ह्येच शिकली हाय."

चेअरमन म्हणाले, "बरं. सोमवारी समदे येऊन बघू. न्हाई पटलं तर कंत्राटदार."

म्हणजे सोमवारी बिनसलं, की माझं शिक्षण दारातल्या रांगोळीपुरतं उरणार आणि मामांची मान खाली जाणार!

पण शेडमध्ये पहिल्यांदा शिरले आणि ही सगळी काळजी विसरले. वर उंच पत्रा. काचांतून उतरलेले उन्हाचे लांब पट्टे. आणि त्यात तरंगणारे कापसाचे तंतू! जिनिंग बंद होऊन इतकी वर्षं झाली, तरी खाली बसायचं त्यांच्या मनातच नव्हतं. बाहेर शिवार करपलेलं, आणि आत हा पांढरा, संथ उजेड. मी मधोमध उभी राहिले आणि मला ऑफिस दिसायलाच लागलं. चाकांची टेबलं. पडद्यांच्या भिंती. सकाळी हिशेब, दुपारी बायकांची बैठक, संध्याकाळी सभा. चेअरमनची केबिन सोडली, तर कुणाची जागा कायमची नाही. ढग बसतात का एका जागी?

(दुष्काळात स्वप्नंसुद्धा ढगांचीच पडतात हो!)

रविवारी नवऱ्याला सोबत घेतलं आणि कबड्डीच्या मैदानाला मारतात त्या पांढऱ्या फक्कीने अख्खं ऑफिस खऱ्या मापात जमिनीवर आखलं. हे म्हणाले, "लईच मोठे चौकोन काढलेस. माणसं लोळणार हायत का?"

"टेबलं फिरवायला जागा नको?"

हे मान हलवत चहा प्यायला गेले. तेवढ्यात दारात गयाबाई येऊन उभ्या राहिल्या. संघाला दूध घालणाऱ्या, म्हणजे सभासदच. चौकोनांकडे टक लावून म्हणाल्या, "सूनबाई, ह्यो एक खण एकाला का?"

लग्नानंतर माझ्या कामाबद्दल मला विचारणारं हे पहिलं माणूस! माझा बांध फुटला.

"हो मावशी, पण कायमचा नाही. जो आधी येईल त्याचा."

"आन पानी?"

"हे इथं, मधोमध. सगळ्यांना एकच."

"शेजारशेजारच्यांची भांडणं लागली तर?"

"मध्ये पडदा ओढायचा."

"पडदा!" गयाबाईंनी गालाला हात लावला. "आन घाण कुणी काढायची?"

"ज्याची त्याने. जाताना जागा स्वच्छ करायची."

"लई ग्वाड केलंस बाई," असं म्हणून त्या लगबगीने गेल्या. त्या रात्री मला झोप किती गाढ लागली म्हणून सांगू!

सोमवारी सकाळी संचालकांच्या गाड्या आल्या. मामा कडक इस्त्रीच्या टोपीत. मी पदर सावरत मागे. चेअरमननी दार ढकललं.

ऑफिस भरलेलं होतं! एक खण रिकामा नव्हता. प्रत्येक चौकोनात मापात बसल्यासारखी एक म्हैस नाहीतर गाय. चेअरमनच्या केबिनमध्ये बैलजोडी. गयाबाईंच्या दोन म्हशींच्या मध्ये दोरीवर जुनं लुगडं टांगलेलं. सगळी जनावरं रवंथ करतायत, वरून उन्हाचे पट्टे उतरतायत आणि त्यांच्या काळ्याभोर पाठींवर कापसाचे तंतू अलगद टेकतायत. खोटं कशाला बोलू? क्षणभर मला ते फार सुंदर दिसलं.

"ह्ये काय बे?" एक संचालक ओरडले. "कुणी घुसवली ही जनावरं?"

"घुसवली कशाला?" गयाबाई पुढे झाल्या. "छावणी निघाली न्हवं! सूनबाईंनी सोता सांगितलं, आधी यील त्याचा खण. इचारा की तिला!"

सगळे माझ्याकडे वळले. आणि मी? माझी वाचा पुन्हा गेलेली!

मागच्या दुष्काळात जनावरांची छावणी याच जिनिंगच्या आवारात होती आणि तेव्हाही अश्शीच फक्की मारून दावणीच्या जागा वाटल्या होत्या, हे मला कोण सांगणार? मी तेव्हा औरंगाबादला होस्टेलवर.

"काढा भायेर समदी!" तेच संचालक.

"काढा की," गयाबाई म्हणाल्या. "पत्र्याची सावली न्हाई, तर बाजार दाखवू त्यांला. मंग संघाला दूध तुमी द्या, साहेब. टायमावर धार काढायला येऊ आमी."

बायका तोंडाला पदर लावून फिदीफिदी हसायला लागल्या. चेअरमन मात्र चौकोनांमधून शांतपणे एक चक्कर मारून आले.

"शिंगाला शिंग लागत न्हाई," ते म्हणाले. "पान्यापर्यंत समद्यांला वाट हाय. मधून चाऱ्याची गाडी सरळ जाती. दादा, तुमच्या सुनंनं डोकं लावलंय बरं का! पाऊस पडंस्तोवर ह्येच चालू द्या. हापिसाचं मंग बघू."

आराखडा एकमताने पास! एक रेघही न बदलता! कॉलेजात माझं असं काही कधीच पास झालं नव्हतं. मामांची टोपी दोन बोटं वर गेली. मी छावणी काढलीच नव्हती, हे सांगायला आता तोंड कुठे होतं?

तेव्हापासून माझं नाव झालंय. पार आष्टीहून बोलावणी येतात. एकाला गोठा हवा, दुसऱ्याला शेळ्यांचं शेड. मी निमूटपणे काढून देते.

परवा मात्र बीडहून एका डॉक्टरांचा फोन आला. नवा दवाखाना बांधलाय, आतली मांडणी तुम्हीच करा म्हणाले. मी इतकी हरखले की चक्क बोलायला लागले. पेशंटना बसायला बाकं, भिंतींना शांत रंग, कोपऱ्यात हिरवी झाडं...

त्यांनी सगळं शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

"झाडं नका लावू, ताई," ते म्हणाले. "पेशंट खातात."