अक्कांनी माझा कोड पावसात तपासला

अक्का गेल्याचं त्यांच्या भाच्यानं फोनवर सांगितलं. संध्याकाळचं जेवण दिवसाउजेडी उरकलं, हात धुऊन खुर्चीत बसल्या आणि बसल्या बसल्याच गेल्या म्हणाला. चातुर्मास पाळणाऱ्या, दिवस मावळल्यावर न जेवणाऱ्या बाईनं शेवटच्या दिवशीही वेळ चुकवली नाही, या विचारानं मला आधी चक्क हसू आलं. रडू नंतर आलं, आणि मग बराच वेळ थांबेना.

पद्मा अक्का कॉलेजात संख्याशास्त्र शिकवायच्या. निवृत्त झाल्यावर पोथी वाचत बसतील असं घरच्यांना वाटलं होतं, पण त्यांनी 'मापटं' नावाचा एक छोटा प्रोग्रॅम लिहिला. गावोगावी पाऊस मोजणारी माणसं त्यात रोजचा आकडा भरतात आणि नदीकाठच्या गावांना तो लगेच दिसतो. प्रोग्रॅम फुकट आणि त्याचा कोड सगळ्यांसाठी खुला. कुणीही दुरुस्ती सुचवावी, अक्का ती तपासणार, पटली तर घेणार. पटली नाही तर काय होतं, हे मला सात वर्षांपूर्वी कळलं.

तेव्हा मी पुण्याहून नुकतीच कोल्हापूरला राहायला आले होते. मुलीसाठी सॉफ्टवेअरची नोकरी सोडून नऊ वर्षं झाली होती. अर्ज करायचे, उत्तर यायचं नाही. आपल्याला अजून काम येतं, याचा एक तरी पुरावा हवा होता, इतरांना आणि खरं सांगायचं तर मलाही. मापटं सापडलं. त्यात एक दुरुस्ती सुचवायची, ती स्वीकारली गेली तर पुढे जायचं, नाहीतर लॅपटॉप मुलीला देऊन टाकायचा, असं मनाशी ठरवून बसले.

लोक आकडे भरताना एखादं शून्य जास्त टाकतात, हे माझ्या लक्षात आलं होतं. मी एक मर्यादा घातली. दिवसाचा पाऊस दोनशे मिलिमीटरच्या वर गेला की ती नोंद चुकीची समजून गाळायची. चार दिवस घासूनपुसून कोड लिहिला आणि पाठवला. अक्कांचं उत्तर एका ओळीचं, तुम्ही गगनबावड्याला कधी गेला आहात का? मला तो टोमणा वाटला. माझा राग जरा नाकाच्या शेंड्यावरच. कोडमध्ये चूक असेल तर तेवढी दाखवा, असं मी ठणकावून लिहिलं. पाच मिनिटांत फोन. कॉलेजात पुस्तकी बोलणाऱ्या अक्का एरवी घरच्या बोलीतच बोलायच्या.

"चूक हाय की. पर ती हितनं दिसायची न्हाय. उद्या सकाळी सहाला स्टँडवर या."

नऊवारी नाही, पाचवारी. पायात रबरी बूट, काखेत डबा... स्टँडवरच्या त्या उंच बाईला बघून मला परत फिरावंसं वाटलं होतं. गेले, कारण नाही म्हणायची हिंमत झाली नाही. गगनबावड्याला उतरलो तेव्हा समोरचा माणूस दिसत नव्हता. पाऊस पडत होता म्हणणं खोटं होईल, तो सगळीकडून येतच होता. एका निवृत्त गुरुजींच्या परसात पर्जन्यमापक. साडेआठला गुरुजींनी पाणी काढलं आणि मोजपात्रात ओतलं. पात्र भरलं. वहीत लिहून रिकामं केलं, पुन्हा भरलं. मी मनात बेरीज करत होते. माझी मर्यादा ओलांडली गेली, तरी गुरुजी ओततच होते.

अक्का चष्मा पुसत राहिल्या. गुरुजी वही घेऊन आत गेल्यावर हळूच म्हणाल्या, "तुमच्या कोडनं गुरुजींची आजची मेहनत पुसून टाकली असती. आन् आजच्याच आकड्याची खालच्या गावांना गरज हाय."

मला लाज वाटली. दुरुस्ती मागं घेते, एवढं कसंबसं म्हटलं. नऊ वर्षांचं गाठोडं घेऊन मी पुन्हा घरी बसणार होते, हे मला दिसत होतं.

"मागं कशाला? चुका हुडकायची कल्पना बराबर हाय. फकस्त पुसू नका, इचारा."

म्हणजे मोठा आकडा आला तर गाळायचा नाही, भरणाऱ्याला विचारायचं, खात्री आहे का? इतकं साधं. परतीच्या बसमध्ये मी ओल्या कागदावर तो बदल लिहून काढला. रस्त्यावर पाणी आल्यानं बस संध्याकाळपर्यंत अडकली आणि अक्कांना जेवणाची काळजी लागली. धुक्यात सूर्य दिसेना, म्हणून त्यांनी दिवस मावळला का, असं कंडक्टरला विचारलं. तो म्हणाला, "अक्का, आज उगवलाय कुठं मावळायला?" अख्खी बस हसली. अक्कांनी घड्याळ बघून डबा उघडला आणि अर्धी चपाती-उसळ माझ्या हातावर ठेवली.

तिसऱ्या दिवशी माझा कोड स्वीकारला गेला. त्याच कामाच्या जोरावर पुढे नोकरीही मिळाली, आणि दर गुरुवारी दुपारी आम्ही दोघी इतरांचे कोड तपासायला बसू लागलो. अक्का हट्टी होत्या. माझ्याशी भांडायच्या, दोनदा तर चहा न देता घालवलं. पण नवख्याला त्यांनी "हे चुकलं" असं कधी लिहिलं नाही. हे असं का केलं, एवढंच विचारायच्या, आणि उत्तराची खरंच वाट बघायच्या.

परवा नागपूरच्या एका मुलीची पहिली दुरुस्ती आली. मापट्यात नवा कोड आला की आधी काही चाचण्या चालतात. पहिली चाचणी गुरुजींच्या त्या दिवशीच्या आकड्याची, आणि वर अक्कांनी लिहून ठेवलेली ओळ, "हा आकडा खरा आहे. आम्ही दोघी भिजून आलोय." मुलीनं ती ओळ काढून टाकली होती. दोघी म्हणजे कोण ते कळलं नाही, काढली तर चालेल ना, असं विचारलं होतं.

मी लिहायला घेतलं, एक मी, आणि दुसरी... सगळं खोडलं. मग लिहिलं, तुझा कोड चांगला आहे, ती ओळ मात्र राहू दे. का ते सांगते, पावसाळ्यात कोल्हापूरला येतेस का?

लगेच उत्तर आलं, "येते. छत्री आणू?"

मी लिहिलं, "काही उपयोग नाही."