वॉर्डातला फळा

भूकंपानंतर किल्लारीकडची आमची शाळा पत्र्याच्या शेडमध्ये भरायची. चार वर्ग एकत्र. त्या गलक्यात बाईंचं सांगणं माझ्या डोक्यात शिरायचंच नाही. फळ्यावर लिहिलेलं मात्र एकदा वाचलं की पक्कं. पुढे लातूरच्या क्लासमध्ये छापील पेपरांवर माझं भागलं. तिथे एक सवय अंगात मुरली: उत्तर येवो न येवो, एकही प्रश्न कोरा सोडायचा नाही.

डॉक्टर होऊन नांदेडच्या एका रुग्णालयात लागले. राउंडला मोठे सर चालता चालता वीस खाटांच्या सूचना तोंडी सांगत, त्यात नातेवाइकांचा कालवा. मी वर्षानुवर्षं सिस्टरांच्या जिवावर निभावलं. माझ्या मेंदूची ठेवणच वेगळी आहे, हे चाळिशीत एका मानसोपचारतज्ज्ञानं लिहून दिलं, तेव्हा तो कागद घेऊन मी सरांकडे गेले. सूचना फळ्यावर लिहिता येतील का, विचारलं.

"मॅडम, हा वॉर्ड आहे, बालवाडी नाही."

सगळे हसले. मीही हसले, त्याचाच राग अजून जात नाही.

महिनाभरातच ते झालं. सलाईन सात नंबरचं बंद करायचं की नऊ नंबरचं, डोक्यात राहिलं नाही. विचारायचं सोडून मी अंदाजानं नऊ लिहिलं. कोरं कसं सोडणार! सिस्टरनं वेळीच हटकलं म्हणून निभावलं. चूक माझी, मी स्वतःच सरांना सांगितली. त्यांनी मला वॉर्डातून उचलून फिटनेस सर्टिफिकेटच्या टेबलावर बसवलं. आणि पंधरा दिवसांत वॉर्डात फळा लावला! पाहुण्यांना तो कौतुकानं दाखवतात. आता मला परत घ्या म्हटलं, तर म्हणाले, "तुमचं तिथं बरं चाललंय की." तळपायाची आग मस्तकात गेली.

परवा हदगावचे एक गृहस्थ मुलीला घेऊन आले. तिचा मेडिकलला नंबर लागला होता.

"लई हुशार हाय मॅडम, पण तोंडी सांगितलेलं हिच्या ध्यानात ऱ्हात न्हाई."

मुलीनं मान खाली घातली.

"आणि लिहून दिलं तर?" मी तिला विचारलं.

"मग समदं येतं."

मी फॉर्मवर 'सक्षम' लिहून सही केली, शिक्का मारला. ती सक्षमच आहे. ज्यांच्या हाताखाली ती जाणार, त्यांचं सर्टिफिकेट मात्र कुणी मागत नाही.