स्वच्छतेची पाटी

आमच्या बाई दोन्ही हात पाठीमागे बांधून उभ्या राहत. मुलांच्या कामात आपला हात जाऊ नये म्हणून ही सवय लावून घेतली, असं त्या सांगत. हातांचं मी समजू शकत होते, पण तोंडही त्यांनी तसंच बांधून घेतलं होतं. कुणी काही विचारायला गेलं की एकच उत्तर: "निवडू द्या."

ही सत्तरच्या दशकातली गोष्ट. भिवंडीत धामणकर नाक्याजवळ दोन कारखान्यांच्या मधे आमचं बालमंदिर होतं. दिवसभर लूमचा खडखडाट. बाई मुख्य, हाताखाली आम्ही चौघी ताई. तिघी गावातल्या जुन्या, नोकरीपेशाच्या घरांतल्या. चौथी मी, जवळच्या मानकोली गावची. आईशेजारी बाजारात भाजी विकता विकता मॅट्रिक झालेली. घासाघीस केल्याशिवाय मी कुणाचं ऐकत नसे, आणि माझा आवाज चढायला वेळ लागत नसे.

बाईंनी माँटेसरी पद्धत मुलांना लावली तशी आम्हालाही लावली. मुलं फळीवरून आपलं साधन आपण उचलतात, मग ताईंनीही आपलं काम आपण उचलावं. त्यासाठी भिंतीवर पाच लाकडी पाट्या टांगल्या होत्या: हजेरी, गाणी, बाग, पाणी, स्वच्छता. सकाळी येऊन हवी ती घ्यायची. पाट्या पाच, आम्ही चौघी. रोज कोणती उरत असेल ते तुम्ही ओळखलंच असेल.

स्वच्छता म्हणजे भिजलेल्या आणि भरलेल्या चड्ड्या. अडीच-तीन वर्षांची पोरं ती. एखादं पोर दारात पाय फाकून उभं राहिलं की गाण्यावाली ताई नाकाला पदर लावायची आणि गाणं जरा मोठ्यानं म्हणायची. त्या गाण्याची मला अजून किळस येते. शेवटी मीच उठायची. पोराला काखेत मारून मोरीवर न्यायचं, दोन तांबे ओतायचे, कोरडी चड्डी चढवायची. दोन मिनिटांत काम खलास. अशी तीन वर्षं काढली.

एकदा बाईंना म्हटलं, पाळ्या लावा.

"मी सांगितलं म्हणून केलं, तर ते काम त्यांचं होणार नाही."

"मग माझं कसं झालं?"

"तुम्ही निवडलंत, ताई."

राग आला की माझ्या तोंडात मानकोली यायची. "मी न्हाय निवडलं, बाई. पोर तसंच उभं ऱ्हायलेलं मला बघवत न्हाय, म्हणून करते."

बाईंनी वहीत काहीतरी लिहून घेतलं. मी आठवड्यातले तीन दिवस सोडवून मागितले, मग दोन, शेवटी एकच. गिऱ्हाईक हलेना.

तेव्हा मी ठरवलं, आता उठायचं नाही. दुसऱ्याच दिवशी एका लूम कामगाराची मुलगी दारात ओली उभी राहिली. रडली नाही. फ्रॉक अंगाला चिकटू नये म्हणून दोन बोटांनी धरून होती. मी बागेची पाटी घेऊन गप्प बसले. गाणं चालूच होतं. मी बाईंकडे पाहिलं, बाईंनी माझ्याकडे. भाव करताना जो आधी बोलतो तो हरतो, हे मी लहानपणीच शिकले होते. मुलीच्या पायाशी थारोळं साचलं, तरी मी बोलले नाही.

बाईंनीच हात सोडले. भिंतीवरची पाटी काढली आणि मुलीला बोट देऊन मोरीवर नेलं.

मी जिंकले. मग दारात मागं राहिलेलं थारोळं पाहिलं आणि स्वतःचीच शिसारी आली. जिच्यासाठी भांडत होते, तिलाच मी तराजूत टाकलं होतं.

त्यानंतरही बाईंनी त्या तिघींना एका शब्दानं सांगितलं नाही. रोज ती पाटी स्वतः घेऊ लागल्या. पन्नाशी उलटलेली, गुडघे दुखणारे, आणि काम तरी किती सावकाश. माझ्या दोन मिनिटांच्या कामाला त्यांना पाव तास लागे. तिघी सुटल्याच होत्या, वर मुख्य बाई मोरीत बसलेल्या. मी धुमसत राहिले, पण पाटीला हात लावला नाही.

दोन वर्षांनी गुडघे अगदीच गेले, तेव्हा बाई बहिणीकडे राहायला गेल्या. निरोपाच्या कार्यक्रमात मी मागं उभी होते, पुढं जाऊन बोलले नाही. नव्या बाईंनी पहिल्याच दिवशी पाळ्यांचा कागद लावला. तिघींनी हूं की चूं केलं नाही. इतकं सोपं होतं ते. माझं डोकं पुन्हा तापलं.

माझा वार गुरुवार. बाई जाण्याआधी दोन महिने आलेली एक बारकीशी मुलगी ओली होऊन आली. मी सवयीनं तिला काखेत मारायला वाकले, तर तिनं माझा हात बाजूला केला.

"मैं करती."

तिनं चड्डी स्वतः उतरवली. तांब्या दोन्ही हातांनी धरून अंगावर पाणी घेतलं, चड्डी पिळली, आणि भिंतीला माझ्या गुडघ्याएवढ्या उंचीवर बांधलेल्या दोरीवर वाळत घातली. ती दोरी मला तोवर दिसलीच नव्हती. तिच्या मागून आलेल्या मुलानंही तेच केलं. सगळ्यांना येत होतं. बाईंचा तो पाव तास यात जात होता. मी तीन वर्षांत शेकडो पोरं धुतली, पण एकालाही शिकवलं नाही.

हे मला एकदा तोंडानं सांगायला तुम्हाला काय झालं होतं, एवढंच बाईंना विचारायचं होतं. त्या दिवशी ऑफिसात जाऊन त्यांच्या बहिणीचा पत्ता मागितला. तो कुणीच लिहून ठेवला नव्हता.