पुलाच्या आधीचं गाणं

प्रिय धाकल्या,

परवा तू म्हणालास, "ताई, हा गोंधळ तूच एकदा कागदावर उतरव, माझ्या डोक्यात काही नीट बसत नाही." माझ्याही बसत नाही. पण जन्मभर वर्गात "मुद्द्याचं बोला" म्हणून पोरांना दटावलं, तेव्हा आता अंग काढून घेणं बरं दिसणार नाही. फक्त एक करते. तुला 'तू' म्हणून लिहायला बसले की मला तुझा राग येतो, आणि स्वतःला 'मी' म्हटलं की आपलीच बाजू रेटावीशी वाटते. म्हणून तू 'तो' आणि मी 'ताई'. चूक सापडली तर समासात लिही. मागाहून कुरकुर नको.

तर, तो बाइंडर. छापखान्यामागच्या लांबट खोलीत चाळीस वर्षं पुस्तकं बांधतोय. खोलीत माणसं तीन. दुकानाचे मालक मास्तर, फर्मे, म्हणजे छापील पानांच्या घड्या, शिवणाऱ्या बाई, आणि पुठ्ठा-खळीचं काम करणारा तो. खळ लावलेलं पुस्तक शिकंज्यात आवळलं की तासभर त्याला हात लावायचा नाही. त्या तासात तिघं एकमेकांची उणीदुणी काढत बसतात असं पाहून मास्तरांनी फार पूर्वी नियम केला, ज्याचं पुस्तक शिकंज्यात त्याचं गाणं. आणि गाण्याचं कारण सांगायचं. "नुसतं आवडतं म्हणून ऐकायचं असेल तर घरी ऐका," मास्तर म्हणायचे. कारणाशिवाय गाणं वाजत नसे.

मास्तरांची बहुतेक कारणं सासुरवाडीची. बाईंची शाळेची आणि नवऱ्याशी भांडणाची. ह्याची म्हणजे अगदीच फुटकळ. एक गाणं नवे बूट चावत असताना बस येत नव्हती तेव्हाचं, एक दवाखान्यात नंबर लागत नव्हता तेव्हाचं. शेवटी एके दिवशी बाई वैतागल्या.

"तुमची सगळी कारणं आपली ताटकळण्याची. एखादं खरं कारण आहे की नाही तुमच्याकडे?"

होतं. त्याने ते इतकी वर्षं राखून ठेवलं होतं. त्या दिवशी काय झालं कोण जाणे, त्याने हात पुसले आणि गाणं लावलं. सुरुवातीला नुसती बासरी, मग एका बाईचा सावकाश आवाज, पाण्याचं आणि वाट पाहण्याचं गाणं.

"मी पाच वर्षांचा असताना आई गेली," तो म्हणाला. "तिची एवढीच आठवण आहे. मी ओट्याशेजारी स्टुलावर उभा. आंघोळ झालेली. ती माझं डोकं पुसतेय आणि रेडिओवर हे गाणं. उजव्या हाताने माझी हनुवटी धरलेली, टॉवेल डाव्या हातात. ती डावखुरी होती. दुसरं कडवं आलं की तिचा हात हळू व्हायचा. फोटोतली आई सगळ्यांची आहे. ही एवढी माझी."

मास्तरांनी चष्मा काढून पुसला. बाईंची सुई मात्र फर्म्यातच थांबली.

"हे तर पुलाचं गाणं," त्या म्हणाल्या.

"कसल्या पुलाचं?"

"आपल्या नदीवरच्या. उद्घाटनासाठी मुद्दाम बांधलं होतं. मागे कोरसला आमच्या शाळेच्या चाळीस मुली उभ्या होत्या, तिसऱ्या रांगेत मी. महिनाभर घोकून घेतलं आमच्याकडून. त्याच्या आधी हे गाणं नव्हतंच." मग त्यांनी नको तो प्रश्न विचारला. "तुमची आई नक्की कधी गेली?"

"बाई, तुम्ही टाके घाला," मास्तर म्हणाले.

घरी जाताना तो पुलापाशी बसमधून उतरला. ज्या पुलावरून रोज दोनदा जायचं त्याचा उद्घाटनाचा दगड त्याने कधी वाचला नव्हता. वाचला. बोटांवर मोजलं, परत मोजलं. पूल झाला तेव्हा तो सात वर्षांचा होता. आईला जाऊन दोन वर्षं झालेली.

दुसऱ्या दिवशी त्याच्या हातून कधी झालं नव्हतं ते झालं. वनस्पतींच्या जाड पुस्तकात विम्याच्या कायद्याचा एक फर्मा गेला. मास्तरांनी पानं चाळली. "शेवाळाच्या जाती संपल्या की थेट वारसदाराचा हक्क. वाचणारा वेडा होईल हो." ते चिडले नाहीत, त्याचंच त्याला जास्त लागलं.

"मी बोलायलाच नको होतं," फर्मा उसवताना बाई पुटपुटल्या.

"तारीख दगडावर आहे बाई. तुम्ही काय करणार?"

फर्मा उसवला, जागच्या जागी गेला. डोक्यातलं काही उसवेना. शिकंज्यात त्याचं पुस्तक असलं की तो म्हणायचा, "आज गाणं नको."

रविवारी तो ताईकडे आला आणि दारातच विचारलं, "लहानपणी माझं डोकं कोण पुसायचं?"

"आधी आई. मग मी. मग तू स्वतः, आणि तेही धड नाही. चपला काढ."

"ते पुलाचं गाणं रेडिओवर लागायचं तेव्हा?"

"तेव्हा मी. दुसरं कोण होतं घरात?"

ताईने फटकन सांगून टाकलं आणि मग त्याचा चेहरा पाहिला. तो खुर्चीवर बसला आणि सगळं बोलला. ताई ऐकत होती, पण तिचं भलतीकडेच अडलं होतं. पन्नासेक वर्षं हा ते गाणं गुणगुणायचा आणि तिला वाटायचं, पोराला आपली आठवण आहे. आई गेली तेव्हा ती चौदाची. वर्ष बुडवून तिने त्याला न्हाऊमाखू घातलं होतं. आणि तो हे सगळं आईच्या नावावर टाकून मोकळा.

"म्हणजे आईचं माझ्याकडे काहीच नाही," तो म्हणाला.

"थांब. टॉवेल कुठल्या हातात म्हणालास?"

"डाव्या."

"मी उजव्या हाताची. डावखुरी आईच."

ताईने खुंटीवरचा टॉवेल काढला. "खाली बघ." साठीला आलेल्या माणसाचं टक्कल तिने उजव्या हाताने खसाखसा पुसलं.

"असं नव्हतं."

मग डाव्या हाताने. जमेना, टॉवेल कानावरून घसरला.

"असंही नाही. पण... जरा असंच."

"एक काय ते सांग."

"सांगता येत नाही गं."

गाणं ताईच्या वेळचं, हात आईचा, असंच म्हणायचं ठरत होतं. निदान हात तरी त्याला राहिला असता. तेवढ्यात ताईला सायकल आठवली. ती सायकलवरून पडली होती, उजवं मनगट मोडलं होतं, दीड महिना प्लास्टर. सगळं डाव्या हाताने करायची. पण कधी? पुलाच्या आधी की नंतर? नंतर असेल तर तो डावा हातही ताईचाच. ते काही केल्या आठवेना.

"हे आत्ताच आठवायचं होतं तुला?" तो म्हणाला.

"आठवलं ते सांगितलं. लपवायची सवय नाही मला."

प्लास्टर घालायला ताईला घेऊन गेल्या होत्या वरच्या मजल्यावरच्या काकू. त्या आहेत अजून. एक्याण्णव वर्षांच्या, लेकीकडे असतात, आणि कोणाच्या घरी कधी काय झालं हे त्यांना तोंडपाठ. एक प्रश्न विचारला की झालं. रिकाम्या हाताने कसं जायचं, म्हणून त्याने त्यांच्यासाठी एक कोरी वही बांधली, कापडी पाठीची, आणि दोरा बांधून ताईकडे आणून ठेवली.

पहिल्या रविवारी तो आला, तर ताईचा गुडघा दुखत होता. दुसऱ्या रविवारी गुडघा बरा होता, तर त्याला उशीर झाला. तिसऱ्या रविवारी दोघांनी चपलाही घातल्या, मग चहा घेऊनच निघू म्हणाले आणि चहापायी बस चुकली. आता तो येतो, कपाटावरच्या वहीकडे बघतो, आणि दुकानातल्या गप्पा सांगत बसतो. ताईही घड्याळाकडे बघत नाही.

वही तिथेच आहे. काकूंच्या लेकीचा पत्ता पहिल्या पानावर पेन्सिलने लिहिलाय. अकरावा थांबा, पूल ओलांडला की उजवीकडची तिसरी गल्ली.