देवाजीभाऊंची संथ धून

गेल्या रविवारी आरमोरीला जाऊन आले... मांडीवर एक जुनी रेकॉर्ड घेऊन. अंड्यांचा ट्रे नेतात तशी अख्ख्या रस्त्याने सांभाळत नेली.

आधी थोडं सांगते. चंद्रपुरात आमचा सात जणांचा एक ग्रुप आहे. आम्हाला हवाईयन स्टील गिटारच्या जुन्या रेकॉर्ड्सचं वेड आहे... मांडीवर आडवी ठेवून, तारांवर स्टीलची कांडी सरकवत वाजवतात ना, ती गिटार. सातांपैकी पाच जणांना यावरून घरी बोलणी बसतात. उरलेले दोघं एकटेच राहतात.

मी शाळेत भूगोल शिकवते, त्यामुळे हवाई बेटं नकाशावर कुठे आहेत हे सांगायचं काम माझ्याकडे. आणि ओरिजिनल रेकॉर्डच्या बाबतीत मी जरा कर्मठ आहे, हेही कबूल करते. बरोबर वेगात, स्वच्छ सुईवर, रेकॉर्डला बोट न लावता ऐकायचं... नाहीतर ऐकूच नये, असं माझं ठाम मत.

देवाजीभाऊ म्हणजे आमच्या ग्रुपचं दैवत. वय चौऱ्याहत्तर. झाडीपट्टीच्या नाटकांत त्यांनी सगळी हयात स्टील गिटार वाजवली. दिवाळीनंतर गावोगावी मंडई, म्हणजे आमच्याकडची जत्रा, भरते, नाटकं होतात, तिथे पडदा उघडायच्या आधी ते नेहमी एकच धून वाजवायचे. संथ, लांबवलेली... ती कानावर पडली की बाया घरून सतरंज्या घेऊन निघायच्या.

ही धून भाऊ मिसरूड फुटायच्या वयात एका हवाईयन रेकॉर्डवरून शिकले. गावात लग्नाला ग्रामोफोन भाड्याने देणारे एक काका होते, त्यांची ती रेकॉर्ड. पुढे एका लग्नात कोणीतरी तिच्यावर बसलं आणि विषय संपला. "मराच्या पयले एकदा आइकाची हाय," असं भाऊ दर भेटीत म्हणायचे.

आणि नागपूरच्या जुन्या बाजारात मला तीच सापडली! निळं लेबल, त्यावर नारळाचं झाड आणि होडी... भाऊंनी सांगितलेल्या सगळ्या खुणा जुळल्या. मी घरी वाजवूनही पाहिली नाही. पहिला मान भाऊंचा.

आरमोरीला भाऊंच्या ओसरीत मी सोबत नेलेला प्लेअर मांडला. भाऊंच्या पत्नी अनुसयाबाई बाजूलाच सुपात लाखोळीची डाळ निवडत बसल्या होत्या. भाऊ धुतलेला सदरा घालून तयार, जणू पाहुणे यायचे आहेत. मी सुई टेकवली.

काय सांगू... उड्या मारत पळणारी, खोडकर, नाचरी धून! माझे तर पायच हलायला लागले. भाऊंचा चेहरा मात्र उतरत गेला.

"हे ते नाई, मॅडम," ते हळूच म्हणाले.

मला इतकं वाईट वाटलं. म्हाताऱ्या माणसाला आशा लावली आणि भलतीच रेकॉर्ड घेऊन आले. मी सुई उचलायला हात पुढे केला, तेवढ्यात भाऊ "थांबा" म्हणाले... आणि फिरत्या रेकॉर्डच्या कडेवर त्यांनी सरळ बोट टेकवलं.

"भाऊ, हात नका लावू!" मी वर्गात ओरडते तशी ओरडले.

पण बोटाच्या दाबाने रेकॉर्ड मंदावली, सूर खाली उतरला... आणि ओसरीत भाऊंची धून वाजायला लागली. अगदी तीच.

मग उलगडा झाला. काकांच्या ग्रामोफोनची स्प्रिंग थकलेली. एका चावीत अख्खी बाजू निघावी म्हणून ते वेगाचा काटा कायम मागे ओढून ठेवायचे. भाऊंना तेव्हा काय माहीत? त्यांनी जसं ऐकलं तसं उचललं.

भाऊंनी बोट काढलं. धून पुन्हा पळायला लागली. "म्हंजे जिंदगीभर मी चुकीचं वाजवून राह्यलो होतो?" त्यांनी मला विचारलं.

ग्रुपवर 'ओरिजिनल, ओरिजिनल' करत सगळ्यांना झोडपणारी मी... आणि त्या ओरिजिनलनेच या माणसाची सगळी कमाई एका क्षणात खोटी ठरवली होती. ती रेकॉर्ड मीच उचलून त्यांच्या घरी आणली होती. खरंच लाज वाटली.

उत्तर अनुसयाबाईंनी दिलं, सूप खाली ठेवून. "चुकीचं काऊन म्हन्ता? मंडईत ते हळूवालं आइकूनच मी माह्या बापाले हो म्हनली होती. हे पळतं वाजवलं असतं तं तुमाले पसंत केली असती का मी?"

भाऊ लाजले हो! चौऱ्याहत्तराव्या वर्षी कानापर्यंत लाजले. मग गिटार मांडीवर घेतली आणि संथ धून पहिल्यापासून शेवटपर्यंत वाजवली. मी मोबाईल काढायचंही विसरले... आणि डोळे पुसायला पदर कमी पडला, हेही सांगून टाकते.

वाजवून झाल्यावर म्हणतात कसे, "आता ते पळतं लावा. त्याच्यासंगं वाजवून पाहतो." तीनदा प्रयत्न केला, तिन्ही वेळा रेकॉर्ड पुढे आणि भाऊ मागे. कांडी खाली ठेवून पोट धरून हसले. रेकॉर्ड आणि प्लेअर, दोन्ही मी तिथेच ठेवून आले.

आज सकाळी अनुसयाबाईंचा फोन. "मॅडम, चार दिवस झाले, तेच पळतं वाजवून राह्यले. जेवाले बलावलं तं उठत नाई. तुमीच आनलं हे, आता तुमीच थांबवा."

माफ करा, बाई... मी नाही थांबवणार.